सर्व्हरच्या नावाने बोटे मोडण्याआधी

माननीय संपादक,
स.न.

खिडकीवर ‘सर्व्हर स्लो आहे, जेवणानंतर या’ असे कोणी म्हटले की नागपूरकर आता चिडतही नाहीत. मी इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांना बिलिंगचे सॉफ्टवेअर करून देतो, त्यामुळे मला मात्र हे पटत नाही. अनेकदा सर्व्हर ठणठणीत असतो, क्वेरीच, म्हणजे डेटाबेसकडे (नोंदींच्या साठ्याकडे) माहिती मागणारी आज्ञाच, आळशी लिहिलेली असते.

एका दुकानाचेच सांगतो. तिथे मार्च २०२५ ची बिले काढायला चहा पिऊन होईल इतका वेळ लागायचा. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून केलेली क्रमवार सूची) होता, पण आधीच्या प्रोग्रामरने क्वेरीत तो कॉलम तारखेतून वर्ष आणि महिना काढणाऱ्या इयर आणि मंथ या फंक्शनांत गुंडाळला होता. मग डेटाबेसला प्रत्येक ओळीचे वर्ष-महिना काढून बघावे लागणार. इंडेक्स असून नसल्यासारखा. ‘१ मार्चपासून पुढे आणि १ एप्रिलच्या आत’ अशी अट लिहिली, आणि यादी क्षणात आली. नवा सर्व्हर नाही, जास्तीची रॅम नाही. ‘एक्स्प्लेन’ (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) लावून पाहिले असते तर हे पहिल्याच दिवशी दिसले असते.

आडनावांच्या शोधाचेही तेच. ‘वार’ने संपणारी आडनावे विदर्भात ढीगभर. क्वेरीतल्या ‘लाइक’ या अटीत टक्क्याची खूण (‘इथे काहीही चालेल’ या अर्थाची) आधी टाकून ती शोधली, की साधा इंडेक्स हात वर करतो. त्याची मांडणी पहिल्या अक्षरापासून असते, टेलिफोन डिरेक्टरीसारखी. म्हणून दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स चढवणारेही भेटतात! मग शोध पळतो आणि बिल सेव्ह होताना रखडते, कारण प्रत्येक नोंदीबरोबर तेवढे सगळे इंडेक्स अद्ययावत करावे लागतात.

सर्व्हर वाढवल्याने काही दिवस बरे वाटते, हे खरे. पण डेटा वाढला की पुन्हा तीच रांग.

माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक कार्यालयांनी सॉफ्टवेअर ताब्यात घेताना डेमोच्या पाचशे नोंदींवर नव्हे, तर पुढच्या पाच वर्षांत साचेल तेवढ्या डेटावर चाचणी मागावी. स्लो क्वेरी लॉगही (रेंगाळलेल्या क्वेरींची नोंद) मागावा. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तो मुळात बंद असतो आणि चालू केला तरी मर्यादा १० सेकंदांची, म्हणजे त्याहून जास्त रेंगाळलेली क्वेरीच त्यात येते. ती मर्यादा १ सेकंदावर आणून ठेवायला सांगावे. ‘लॉग चालूच केला नव्हता’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराचे बिल तिथेच अडवावे.

आपला,
एक प्रोग्रामर, महाल, नागपूर