सरांच्या आठवणीसाठी रविवारी मैदानावर

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सरांना जाऊन महिना होईल. सकाळी ७ वाजता मैदानावर जमूया. भाषणं नकोत, एकेक आठवण सांगा, पुरे. शिट्टीची दोरी तुटली तर बुटाची नाडी ओवून तीच गळ्यात घालणारा माणूस तो!

फोटो आणा, पण जपून. सरांनी पोटच्या दोघांसोबत सांभाळायला घेतलेली मुलंही वाढवली. त्यातली काही अजून १८ च्या आतली आहेत. त्यांची नावं, चेहरे ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नका. आणि ‘सख्खी कोणती?’ असं कृपया कुणी विचारू नका. मागे एकानं विचारलं, तेव्हा सरांनी त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

१४ वर्षांखालील मुलांचा सराव ८ वाजता नेहमीप्रमाणे होईल.