नेट ९४ वरच का अडकते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर भागात घरोघरी फायबर आले. पण ‘३०० एमबीपीएसचे पैसे भरतो आणि मिळतात ९४’ ही तक्रार काही थांबत नाही. (एमबीपीएस म्हणजे नेटच्या वेगाचे माप, सेकंदाला इतके मेगाबिट.) खापर कंपनीवर फुटते. राउटरपासून संगणकापर्यंत केबल असेल आणि आकडा नेमका ९४-९५ वर थबकत असेल, तर आधी घरातली तार तपासावी. केबलमध्ये ८ तारा असतात, दोन-दोन एकमेकींभोवती पिळलेल्या अशा चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच पुरतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक जरी सैल असली, तरी वेग बहुधा मुकाट १०० वर उतरतो, आणि त्यातले प्रत्यक्ष हाती ९४-९५ च पडतात. नेट चालूच राहते, म्हणून दोष कुणाच्या ध्यानात येत नाही. (राउटरचे पोर्टच, म्हणजे केबल खोचायची खाचच, १०० ची असेल, तर मात्र बिचाऱ्या केबलला बोल लावू नये.)

दुसरे दुखणे स्वस्ताईचे. ३०५ मीटरची पेटी फारच कमी भावात मिळाली, तर ती बहुधा ‘सीसीए’, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ब्लेडने तार खरवडा. आत पांढुरकी निघाली की परत करा. तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तांब्याच्या दीडपटीहून अधिक, आणि दोन-चारदा वाकवली की तुटते. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज दिली असेल, तर गंमत रात्री दिसते: कॅमेऱ्याचे अंधारात पाहण्यासाठीचे दिवे लागून भार वाढला की व्होल्टेज पडते आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो.

केबलच्या प्रतीला ‘कॅट’ आणि आकडा असे नाव असते. शुद्ध तांब्याची कॅट ५ई १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट आरामात नेते. भिंतीत कायमची घालायची असेल तर कॅट ६ घ्या; पुढेमागे १० गिगाबिट लागले, तरी ५५ मीटरपर्यंत चालेल. कॅट ६ च्या वरच्या आकड्यांच्या चपट्या केबलचा घरात काही उपयोग नाही.

खरी गडबड कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाची प्लास्टिकची पिन, लावताना होते. क्लिप खालच्या बाजूला, केबल आपल्याकडे धरून डावीकडून रंग असे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ‘दोन्ही टोकांना सारखे लावले की झाले’ म्हणत काही जण जोड्या एकापाठोपाठ लावतात. साध्या टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, पण एकाच जोडीतल्या हव्यात अशा ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा वेगवेगळ्या जोड्यांत जातात, एकमेकींत मिसळणारे सिग्नल पीळ आवरू शकत नाही आणि नेट अडखळते. पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उकलू नये. बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत, पकडीखाली दाबले गेलेच पाहिजे. नाहीतर केबलचा सगळा ताण त्या आठ नाजूक तारांवर येतो. कॅट ६ ची तार जाड असते, तिला तिचाच कनेक्टर लागतो.

गच्चीवरून नेताना राखी रंगाची घरगुती केबल वापरू नका, इंदूरच्या मे महिन्यातल्या उन्हात तिचे आवरण तडकते आणि जूनमध्ये आत पाणी शिरते. बाहेरच्या वापराची काळी केबल घ्या, आणि घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. विजेच्या तारांच्या पाइपात ती कधीच कोंबू नये. नवे घर बांधणाऱ्यांनी २५ मिमीचा वेगळा पाइप आत्ताच घालून त्यात ओढतार (पुढे केबल ओढून घ्यायची तार) सोडून ठेवावी.

काम झाल्यावर संगणकावर लिंकचा, म्हणजे केबलच्या जोडणीचा, वेग १००० दिसतो का, ते पाहा. मग दोन्ही टोकांची केबल जरा हलवून पुन्हा पाहा, आणि त्यानंतरच वायरमनला पैसे द्या.

— नेटवर्किंगच्या कामातले काही वाचक, रामबाग, इंदूर