पेल्यातले पाणी कोणी तपासले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जत्रांचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे मधुमेहावर उपाय म्हणून बिबळ्याच्या झाडाच्या लाकडाचे पेले विकायला येतात. लाकडी पेल्यात रात्री पाणी भरून ठेवायचे आणि सकाळी तांबूस झालेले ते पाणी अनशापोटी प्यायचे. उजेडात धरले की त्यात निळसर झाक दिसते आणि बघणाऱ्याचा विश्वास तिथेच बसतो. माझ्या मोठ्या दिरांनी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, दोन वर्षांपूर्वी असा पेला घेतला. विकणाऱ्याने सोबत छापील पत्रक दिले होते: सरकारी चाचणीत शंभरातल्या ६९ रुग्णांची साखर आटोक्यात आली. दादांनी गोळ्या बंद केल्या, घरात कोणाला सांगितले नाही. चार महिन्यांनी पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली तेव्हा सगळे उघड झाले. उपाशीपोटीची साखर २८० होती. अंगठा काढावा लागला.

मी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात २६ वर्षे वनस्पतींच्या प्रयोगशाळेत सहायक होते. झाडपाल्यावर माझा राग नाही, सगळी नोकरी त्यातच गेली. हे पत्र लिहायला बसले ते त्या पत्रकातला आकडा खोटा नव्हता म्हणून.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) विजयसाराची, म्हणजे आपल्या बिबळ्याची, खरोखरच चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण ९७ होते, मधुमेहाचे नव्याने निदान झालेले. त्यांना रोज २ ते ४ ग्रॅम मोजलेला अर्क दिला, रक्त वेळोवेळी तपासले, आणि १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. साखर फारच वाढलेल्या चौघांना चाचणीतून बाहेर काढले. हे चौघे पत्रकात नव्हते. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी तपासणी असते, तिचा आकडा ९.८ वरून ९.४ वर आला, म्हणजे जेमतेम हलला, हेही पत्रकात नव्हते. शेजारी दुसरे औषध घेणारा तुलनेचा गट ठेवलेला नव्हता. आणि मुख्य गोष्ट, तिथे पेला नव्हताच. रात्रभर लाकडात राहिलेल्या पाण्यात किती अर्क उतरतो? नवा पेला आणि सहा महिने वापरलेला पेला सारखाच उतरवतो का? जुन्या मधुमेह्याने चालू गोळ्या सोडून हे पाणी घेतले तर काय होते? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ६९ टक्क्यांत नाही.

अर्काच्या चाचणीत किती ठिकाणी पाय घसरतो ते मी हातांनी अनुभवले आहे. एकदा अतिसारावरच्या पांढऱ्या कुड्याची साल आली. नेहमीप्रमाणे वाळवली, भरड कुटली, अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात, सॉक्सलेटमध्ये, लावली. अर्काचा रंग छान आला, पण तपासणीला जो दाट नारिंगी साका बसायला हवा तो बसेना. द्रावण बदलून पाहिले, तरी तेच. शेवटी सरांनी पोत्यातली साल पुन्हा बाहेर काढली आणि भिंगाखाली धरली. ती काळ्या कुड्याची निघाली. दोन्ही झाडे आपल्याच रानातली, नावाला सारखी, बाजारात एकाच्या जागी दुसरी सर्रास खपते. ओळख पटवल्याशिवाय आम्ही पुढे गेलो असतो तर ‘कुड्यात काही गुण नाही’ असा निष्कर्ष निघाला असता, आणि तो पांढऱ्या कुड्यावर धडधडीत अन्याय झाला असता.

जंतूंचेही तसेच. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत अर्कात भिजवलेली चकती ठेवली आणि भोवतीचे जंतू मेले की मुले आनंदाने ओरडायची. पण अर्क ज्या अल्कोहोलात काढला, त्यानेही जंतू मरतात! म्हणून शेजारी नुसत्या अल्कोहोलाची चकती ठेवायची असते. एवढे करूनही कळते ते बशीतल्या जंतूंविषयी. त्यापुढे उंदीर आणि मग माणूस, हा फार लांबचा रस्ता आहे. बाटलीवर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ छापणारे या रस्त्यावर कुठवर गेले ते कधी सांगत नाहीत.

हा रस्ता आपल्या लोकांनीही चालून दाखवला आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन, नोंदी ठेवून, १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात निष्कर्ष छापले. १९५२ मध्ये सर्पगंधेच्या मुळातून रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य वेगळे काढले गेले. पुढे वापर वाढला तसे त्याने काही रुग्णांचे मन खचते हेही लक्षात आले. तपासल्यामुळे गुण कळला, तसा दोषही कळला.

आरोग्य विद्यापीठाच्या आयुर्वेद महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात, औषधनिर्माणशास्त्राची मुलेही लिहितात. कित्येक प्रबंध काळ्या कापडी बांधणीत ग्रंथालयाच्या कपाटात जातात आणि तिथेच राहतात. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक प्रबंधाचा एक पानी मराठी गोषवारा सर्वांना वाचायला मिळावा: कोणती वनस्पती, कुठून आणली, कोणी ओळखली, अर्क कशात काढला, कोणावर तपासला, किती जणांवर, काय झाले. काहीच झाले नसेल तर तेही छापावे. फसलेला प्रयोग लपला की पुढच्या वर्षी तीच चाचणी दुसरे कोणी करते, आणि जत्रेतला विकणारा तिसराच आकडा सांगतो. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ती जत्रेच्या मांडवापर्यंत पोहोचवणे हे प्रशासनाचे काम आहे.

आणि एखाद्या महाविद्यालयाने बिबळ्याच्या पेल्यातल्या पाण्याचीच चाचणी हाती घ्यावी. लोक अर्काची कुपी घेत नाहीत, ते हे पाणी पितात. दादांचा पेला आमच्या माळ्यावर आहे. ज्यांना हवा असेल त्यांना मी स्वतः नेऊन देईन, वापरलेला पेला किती अर्क सोडतो हे त्यावरून तरी कळेल.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, चिपळूण