ओंबळेंनी आरोपी जिवंत पकडला, हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २६ नोव्हेंबरला आपल्या दैनिकात २००८च्या हल्ल्यात प्राण गमावलेल्या पोलिसांना आदरांजली वाहिली जाते. गिरगावातल्या पालिकेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा मी त्या पानाची कात्रणे वर्गात लावायची. निवृत्त झाल्यावरही कात्रणे काढणे सुटलेले नाही. त्या साऱ्या कात्रणांत तुकाराम ओंबळे यांच्याविषयी जवळपास एकच वाक्य आहे: हातात फक्त काठी असताना त्यांनी अंगावर गोळ्या झेलल्या. वाक्य खरे आहे आणि ते वाचताना अजूनही माझा गळा दाटून येतो. पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे छापावे, एवढ्यासाठी हे पत्र.

एकदा सातवीच्या वर्गात हे कात्रण वाचून झाल्यावर एका मुलाने अजमल कसाबबद्दल विचारले, "बाई, त्याला पकडला कशाला? तिथेच मारायचा ना!" वर्गातल्या कितीतरी मुलांनी माना डोलावल्या. त्या रागाला मी नावे ठेवणार नाही. ज्या सीएसटीवर त्या रात्री गोळ्या चालल्या, तिथूनच त्यांचे आईवडील रोज ये-जा करत होते. पण मी हवालदाराची मुलगी आहे, नायगावच्या पोलीस लाइनीत वाढले, आणि या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात माझ्या लहानपणापासून रोज बोलले जात होते.

आमचे अण्णा रात्रपाळीहून आले की चहा पिता पिता आईला रात्रीचे सांगायचे. त्यात मारामारी थोडी आणि कागदपत्र फार असायचे. चोर सापडला की आधी दोन पंच शोधायचे. रात्री दोन वाजता पंच म्हणून उभा राहायला कोण तयार होतो? मग पंचांसमोर अंगझडती. खिशातले लोकलचे तिकीट, चिठ्ठी, सुटे पैसे, जे निघेल ते पंचनाम्यात उतरवायचे. मुद्देमालावर लाखेचे सील. चोवीस तासांच्या आत आरोपी मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा. एखाद्या शिपायाने आरोपीला बडवले तर अण्णा घरी येऊनही चिडलेले असायचे. "केस ढिली होते, वकील तेच धरून बसतो," म्हणायचे. माणूस धरून आणणे हे आपले काम आणि शिक्षा हे कोर्टाचे, यात त्यांना कधी शंका नव्हती.

ओंबळे याच पठडीतले पोलीस. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातले केडंबे हे त्यांचे गाव. जावळीतून माणसे मुंबईला आली ती माथाडीत, गिरणीत, पोलिसात. आमचे अण्णाही त्याच तालुक्यातून आले, म्हणून हे नाव मला आणखी जवळचे. ओंबळे आधी लष्करात सिग्नल विभागात होते. तिथून निवृत्त होऊन १९९१ मध्ये मुंबई पोलीस दलात आले. त्या रात्री ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षक होते आणि गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत उभे होते.

नाकाबंदी आपल्याला काचेच्या आतून माहीत असते. गाडी अडवली की आपण वैतागतो, घड्याळ बघतो. बाहेर उभ्या असलेल्याला काय दिसते, ते अण्णांनी मला समजावले होते. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे थेट डोळ्यांत. आत किती माणसे आहेत, त्यांचे हात कुठे आहेत, काही कळत नाही. म्हणून पहिला हुकूम दिवे बंद करण्याचा आणि गाडीतला दिवा लावण्याचा. गाडीच्या बरोबर समोर कधी उभे राहायचे नाही. चालकाच्या हातांकडे बघायचे, तोंडाकडे नंतर. पोलिसांशी बोलताना गाडीतला दिवा लावणे आणि हात स्टिअरिंगवर ठेवणे एवढे प्रत्येक मुंबईकराने केले तरी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचा जीव थोडा हलका होईल, हे या निमित्ताने लिहून टाकते.

आता ती रात्र. अजमल कसाब आणि इस्माईल खान यांनी सीएसटीवर हत्याकांड केले, कामा रुग्णालयात शिरले. बाहेर रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मारले, त्यांचीच क्वालिस घेऊन निघाले. त्या गाडीत जखमी अवस्थेत पडलेले पोलीस अरुण जाधव वाचले. क्वालिसचे चाक निकामी झाल्यावर दोघांनी एक स्कोडा बळकावली आणि मरीन ड्राइव्हने चौपाटीकडे आले. वायरलेसवर निरोप आला होता, त्यामुळे डी. बी. मार्गचे पोलीस त्या गाडीची वाट पाहत होते. त्यांच्याकडे होते काय? लोखंडी बॅरिकेड, काठ्या, अधिकाऱ्यांकडे थोडी हत्यारे. समोरच्यांकडे एके ४७.

गाडी बॅरिकेडच्या अलीकडेच थांबली. दिवे प्रखर, काचेवर पाण्याचा फवारा आणि वायपर चालू, म्हणजे आतले काही दिसू नये. पोलीस दिवे बंद करायला ओरडत होते. गाडी वळवून पळायचा प्रयत्न झाला आणि ती दुभाजकावर आदळली. इस्माईलने गोळीबार केला आणि पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. कसाब शरण येण्याचे सोंग करून दुसऱ्या बाजूने बंदूक घेऊन बाहेर पडला. ओंबळे तिथे होते. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. बहुतेक गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या. मागच्या सहकाऱ्यांपर्यंत त्यांनी त्या पोचू दिल्या नाहीत. अधिकारी संजय गोविलकर जखमी झाले. बाकीच्यांनी काठ्यांनी कसाबला खाली पाडला, निःशस्त्र केला आणि नायर रुग्णालयात नेला.

इथे माझ्यासारखी हवालदाराची मुलगी थांबते. आपला माणूस समोर रक्तात पडला आहे, मारणारा आपल्या हातात सापडला आहे, आजूबाजूला अंधार आहे. अशा क्षणी त्याला जिवंत ठेवणे किती कठीण गेले असेल! त्या पोलिसांनी ते केले. ओंबळेंनी जीव देऊन जे धरले, ते सहकाऱ्यांनी वाया जाऊ दिले नाही. सातवीतल्या त्या मुलाला मी हेच सांगितले, आणि मग पुढचे तास दोन तास आम्ही तेच बोलत बसलो.

कारण कसाब तिथेच मेला असता तर पोलिसांच्या हाती काय उरले असते, पाहा. समीर दिनेश चौधरी या नावाचे, हैदराबादच्या एका कॉलेजचे खोटे ओळखपत्र त्याच्यासाठी बनवलेले होते. हल्लेखोरांनी हिंदू नावांची अशी ओळखपत्रे बाळगली होती. मेलेल्या माणसाच्या जवळ ते कार्ड सापडले असते, तर या शहरात कोणकोणत्या अफवा पसरल्या असत्या, कोण कुणाच्या घरावर चालून गेले असते? १९९२-९३च्या दंगली पाहिलेल्या मुंबईकराला हे समजावून सांगावे लागत नाही. जिवंत कसाबने आपले खरे नाव सांगितले, गाव सांगितले, कराचीहून दहा जण कसे निघाले, समुद्रात 'कुबेर' ही मच्छीमार बोट कशी ताब्यात घेतली, तिचा तांडेल अमरसिंह सोळंकी याला कसे मारले, कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ कसे उतरले, हे सगळे सांगितले. आधी कानावर हात ठेवणाऱ्या पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये तो आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले.

मग खटला. आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय बसले, न्यायाधीश एम. एल. तहलियानी, सरकारी वकील उज्ज्वल निकम. आरोपीला न्यायालयाने वकील दिला. सीएसटीवर पायाला गोळी लागलेली एक शाळकरी मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली आणि तिने त्याला ओळखले. ती माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती, म्हणून ती बातमी मी वर्गात दोनदा वाचून दाखवली होती. मे २०१० मध्ये निकाल लागला. कसाबला फाशीची शिक्षा सुनावली गेली, आणि त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. मला या दुसऱ्या गोष्टीचाही अभिमान वाटतो, कारण त्यावरून कळते की तिथे पुरावा तपासला जात होता. पुढे उच्च न्यायालय, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालय, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी. १६६ माणसे मारली गेली होती. त्यांच्या घरच्यांना कोण, कुठून, कुणाच्या सांगण्यावरून आले हे न्यायालयाच्या निकालपत्रात लिहून मिळाले. त्या निकालपत्राच्या मुळाशी चौपाटीवर पकडलेली ती नळी आहे.

वर्गात दुसरा प्रश्नही हमखास यायचा: "त्यांच्याकडे बंदूक का नव्हती?" त्याचे उत्तर देताना मला बरे वाटत नसे. पोलिसांच्या तयारीची चौकशी राम प्रधान समितीने केली, राज्याचे फोर्स वन पथक उभे राहिले, हे मी मुलांना सांगे. पण रात्रीच्या नाकाबंदीत पुढे उभा राहणारा अजूनही बहुतेक वेळा काठीवालाच असतो. त्याला चांगले जाकीट, टॉर्च, पाठीशी एक सशस्त्र सहकारी आणि आठ तासांनी सुटी मिळायला हवी. श्रद्धांजलीच्या पानावर या मागणीला चार ओळी जागा असावी असे मला मनापासून वाटते.

ओंबळेंना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. चौपाटीजवळ त्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला त्यांचे नाव दिले, 'आयसियस तुकारामी'. हे कळले तेव्हा मी शाळेत पेढे वाटायला गेले होते. विज्ञानाच्या पुस्तकात एका सातारकर पोलिसाचे नाव कायमचे राहणार! केडंबे गावातल्या स्मारकासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले. तिथे जो मजकूर कोरला जाईल त्यातही आरोपी जिवंत पकडल्याचे आणि त्याच्यावर खटला चालल्याचे यावे, अशी त्या कामाशी संबंधित मंडळींना माझी विनंती.

आता आपल्याकडे मागणे. श्रद्धांजलीच्या पानावर तीन अधिकाऱ्यांचे मोठे फोटो असतात, ते असावेतच. पण त्याखाली 'व अन्य पोलीस' असे छापले जाते, ते थांबवावे. करकरे यांच्या गाडीत सहायक उपनिरीक्षक बाळासाहेब भोसले, शिपाई जयवंत पाटील आणि योगेश पाटील होते. सीएसटीवर रेल्वे पोलिसांचे वरिष्ठ निरीक्षक शशांक शिंदे होते. प्रकाश मोरे आणि बापूसाहेब दुरगुडे हे उपनिरीक्षक, अरुण चित्ते, अंबादास पवार, ताजमध्ये गेलेले राज्य राखीव दलाचे राहुल शिंदे, होमगार्ड मुकेश जाधव, रेल्वे सुरक्षा दलाचे एम. सी. चौधरी. प्रत्येकाचे नाव, हुद्दा आणि तो कुठे पडला ते एका ओळीत मावते. शिपायाच्या घरी वर्तमानपत्रातले ते नाव जपून ठेवले जाते. अण्णांचे नाव एकदाच, एका बक्षिसाच्या यादीत, बारीक टाइपात आले होते. आईने ते देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवले होते.

आणि ओंबळे यांच्या नावाखाली दोन ओळी वाढवाव्यात: त्यांनी आरोपी जिवंत पकडला, आणि त्या आरोपीवर मुंबईत खटला चालून निकाल लागला. जागा कमी पडत असेल तर मेणबत्त्यांचा फोटो लहान करावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
खेतवाडी, गिरगाव, मुंबई