बेसवाल्यांना थाट शिकवा

संपादक साहेब,

6 वर्षं बेस गिटार वाजवतोय, मोड्सची (पाश्चात्त्य संगीतातली डोरियन वगैरे स्वरसप्तकं) नावं पाठ केली पण कळलं काहीच नव्हतं. मग संगीतशास्त्री भातखंड्यांचे थाट (म्हणजे रागांचे गट पाडायला वापरतात ती सात सुरांची सप्तकं) बघितले आणि डोक्यात प्रकाश पडला, डोरियनचे सूर म्हणजे काफी, मिक्सोलिडियन खमाज, फ्रिजियन भैरवी (थाट हं, राग नव्हे). आणि खरी चावी तर बेसवाल्याकडेच असते, कीबोर्डवाला नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवतोय आणि मी खाली डी हा सूर धरून बसलो की डोरियन ऐकू येतो, ई धरला की फ्रिजियन, सूर तेच पण सा बदलला ना! क्लासमध्ये हे तानपुरा लावून का नाही शिकवत? तुमच्या पुरवणीत यावर सदर सुरू करा प्लीज.

– एक बेस वादक, पुणे