डोक्याचं मात्र खरं सांग

सीडर रॅपिड्स,
मार्च

चि. ईशान,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोनवर सांगितलंस की फुटबॉलच्या, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या, स्प्रिंगच्या सरावात राइट गार्डच्या जागी, समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या लाइनवर, पहिल्या फळीत तुझं नाव लागलं. बाबा ताटावरून उठून उभेच राहिले. आणि मी विचारलं, "डोकं दुखत नाही ना आता?" तू "आई, प्लीज" म्हणालास आणि फोन बाबांना द्यायला लावलास. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, कागदावर ते जमायचं नाही. मराठी शाळेत रविवार-रविवार नेऊन बसवलं ते यासाठीच. सावकाश वाच, जोडाक्षरं अडली तर मोठ्याने म्हण.

आधी तुझं कौतुक, कारण ते काल राहूनच गेलं.

ऑक्टोबरातला तो शनिवार मला अजून दिसतो. तुझ्यासमोरचा त्यांचा टॅकल आतल्या बाजूला घुसला, तू त्याच्यामागे ओढला गेलास, आणि त्याच्या पाठीमागून वळसा घालून त्यांचा कडेचा गडी, एंड, मोकळाच आत आला. पास फेकणारा तुमचा क्वार्टरबॅक पाठीवर आपटला. पुढच्याच खेपेला तुझे हात समोरच्याच्या छातीवरून सरकून खांद्याबाहेर गेले, जर्सी मुठीत आली, पिवळा फ्लॅग पडला आणि लाउडस्पीकरवर तुझा नंबर पुकारला. होल्डिंग, दहा यार्ड मागे. मागच्या रांगेतला माणूस तुझ्या नंबराला काय काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. बाबा त्याच्याकडे वळले होते, मी हात धरला. तुझ्यासमोरचा तो बावीस-तेवीस वर्षांचा असेल, चार हिवाळे वजनं उचललेला. तू एकोणीसचा. या जागेवर वर्षं द्यावी लागतात. बॉल घेऊन पळणारं पोर अठराव्या वर्षी चमकतं, लाइनवरच्या मुलाचं तसं नसतं. पाय, कंबर, हातांचे पंजे कुठे ठेवायचे, शेजारच्याच्या हातात आपला माणूस कधी सोपवायचा, हे अंगात मुरायला वेळ लागतो. तू तो दिलास. डिसेंबरात सगळे घरी गेले तरी तू थांबून मॅचच्या फिल्म बघत होतास, तेच ते वळसे पुन्हा पुन्हा. मला माहीत आहे, नेहाने सांगितलं.

आपल्याच गावातला कॉनर कोल्बी आठव. केनेडी हायस्कूलचा मुलगा. २०२१ मध्ये आयोवा विद्यापीठात गेला आणि पहिल्याच वर्षी लाइनवर उतरला. त्या काळात त्या लाइनला लोक काय वाट्टेल ते बोलायचे. २०२२ मध्ये तर आयोवाचा ऑफेन्स, बॉल पुढे नेणारा संघ, यार्डांच्या हिशोबात देशात शेवटून दुसरा होता. इथल्या दुकानात रांगेत उभं राहिलं तरी तोच विषय. पोरं पळून गेली नाहीत. २०२४ मध्ये त्याच लाइनच्या मागून केलेब जॉन्सन बॉल घेऊन दीड हजारावर यार्ड धावला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये कोल्बीला सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाने ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातव्या फेरीत घेतलं. रॉबर्ट गॅलरी आयोवात आला तेव्हा पासही झेलणारा टाइट एंड होता, मग त्याला लाइनवर बसवला. २००३ मध्ये लाइनवरच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची आउटलँड ट्रॉफी, २००४ मध्ये ड्राफ्टमध्ये दुसरा. हे सगळं बाबांनी मला ऑक्टोबरपासून इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही म्हणेन. तुला तेव्हा सांगायचं होतं, तू फोन घेत नव्हतास.

तर अभिमान आहे. खूप आहे. कोल्हापूरला मामाला फोन करून झाला. त्याला गार्ड म्हणजे काय ते कळलं नाही, पण "पहिल्या फळीत" एवढं कळलं आणि तो रडला.

आता डोक्याचं. नाही विचारणार असं ठरवलं होतं.

ऑक्टोबरात डोक्याला मार लागला तेव्हा तुला तिथल्या लोकांनी लगेच बाहेर बसवलं, पायरीपायरीने परत घेतलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी भीती तुझ्याबद्दल आहे. थँक्सगिव्हिंगला आलास तेव्हा खोलीतला दिवा लावू देत नव्हतास. मला म्हणालास, दमलोय. नेहाला म्हणालास, उजेड सहन होत नाही. सरावात पुन्हा लागलं होतं आणि तू कुणाला सांगितलं नव्हतंस, कारण सांगितलं असतं तर जागा गेली असती. जागा तेव्हा तशीही गेलीच होती, बाळा. मग कुणासाठी लपवलंस?

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, तुला पुरतं माहीत नाही. तुझी उंची, हे खांदे, सगळं त्यांचं. गंगावेश तालमीत वाढलेला माणूस. पहाटे माती उकरायची, जोर-बैठका, मग बदाम घालून थंडाई. मी लहान असताना त्यांच्या फुटलेल्या कानांना हात लावायचे आणि ते हसायचे. एका जत्रेच्या मैदानात ते डोक्यावर पडले. पुढच्या आठवड्यात कुस्ती जोडलेली होती, इनाम जाहीर झालेलं, गावाची इज्जत. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, लंगोट लावला आणि उतरले. जिंकलेसुद्धा. आजी सांगायची की त्या रात्री परत येताना स्वतःच्या गल्लीचं तोंड त्यांना सापडेना. शेवटची वर्षं कशी गेली ते तू पाहिलंयस, तुला ते माझ्या भावाच्या नावाने हाक मारायचे. त्या पडण्याचा याच्याशी संबंध आहे असं एकाही डॉक्टरने कधी म्हटलं नाही. पण मी जोडते. रात्री दोन वाजता मी जोडते.

तू म्हणशील, आई परत वाचत बसली. हो, वाचलं. २०१७ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी वारलेल्या फुटबॉल खेळाडूंचे मेंदू तपासले. एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांत सीटीई, डोक्याला वारंवार मार लागून होणारा मेंदूचा आजार, निघाला, आणि फक्त कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८ जणांत. तू मागे समजावलंस ते लक्षात आहे: ज्यांना आधीच शंका होती अशाच घरांनी मेंदू दिले, म्हणून सगळ्यांचं तसंच होईल असं नाही. मान्य. पण त्या आजारामागे मोठ्या धडकांबरोबर बारीक धक्केही आलेच, आणि तुझ्या जागेवर प्रत्येक स्नॅपला, बॉल मागे दिला की, एक असतो.

जॉन अर्शेल तुला माहीत आहे, तुझ्यासारखाच गार्ड, पेन स्टेट विद्यापीठातून एनएफएलमध्ये गेलेला. २०१५ मध्ये सरावात डोक्याला मार लागला आणि काही काळ त्याला वरच्या पातळीचं गणित जमेना. २०१७ मध्ये तो अभ्यास छापून आल्यावर दोनच दिवसांनी, सव्विसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला. आज तो एमआयटीत गणित शिकवतो. मी तुला सोड म्हणत नाही. खरंच नाही. अर्शेल आधी किती वर्षं खेळला तेही मला माहीत आहे. मी एवढंच म्हणते की चक्कर आली, उजेड टोचला, खेळाची खूण एकदम आठवेनाशी झाली, तर हात वर कर. आणि त्याच दिवशी मला सांग, सोमवारी नको. झोप पुरी घे. सरावात हेल्मेटवर ते मऊ आवरण घालतोस ना? बाकीची मुलं घालोत न घालोत. वाकताना डोकं खाली घालू नकोस, मान ताठ, नजर वर, हे तुझे कोचच सांगतात—

उपदेश सुरू झाला. माफ कर. तुला खेळ माझ्यापेक्षा हजारपट कळतो.

वजनाचंही बोलणार होते, पण तो खुराक तुम्हाला लागतो हे समजलंय. एनएफएलमधल्या मार्शल यांडा या गार्डने खेळ सोडल्यावर तीन महिन्यांत साठ पौंड उतरवले म्हणे. तूही उतरवशील. गुडघ्यांची काळजी वाटते, पण गुडघा मोडला तर बांधता येतो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू हायस्कूलला पहिल्यांदा पॅड घालून घरी आलास तेव्हा मी बाबांशी आठवडाभर बोलले नव्हते. आता शनिवारी सगळे बॉलकडे बघतात आणि मी फक्त उजवीकडे बघते. शेवटच्या मॅचमध्ये तुला थोडा वेळ उतरवलं, तेव्हा तोच वळसा पुन्हा आला. या वेळी तू पहिल्याला हातभर ढकलून शेजारच्याकडे दिलास, परत जागेवर आलास आणि दुसऱ्याला छातीवर घेतलास. कुणी टाळी वाजवली नाही, कारण पास पुढे गेला आणि सगळे तिकडे बघत होते. मी वाजवली.

स्प्रिंग गेमला आम्ही दोघं गाडीनेच येतोय, बाबांनी रजा टाकली आहे. आजीने मेतकूट आणि डिंकाचे लाडू पाठवलेत, तेवढे खोलीतल्या मुलांनाही दे, मागच्या वेळी सगळे एकट्याने संपवलेस. आणि डॉक्टरांनी फेब्रुवारीत केलेल्या तपासणीचा कागद फोटो काढून पाठव. आज रात्रीच पाठव, मी जागी आहे.

तुझी,
आई