दूध चालेल, बीज नको

प्रिय अम्मी-अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

परवा फोनवर अम्मी म्हणाली, "परकीचं स्त्रीबीज कशाला, आपली रेश्मा आहे की." मायेनं म्हणालीस, कळतं मला. पण सख्खी बहीण असली तरी रेश्माला तिचं बीज मागू नकोस.

अब्बा, मोहल्ल्यात तुम्हाला कुणी आयव्हीएफच, म्हणजे लॅबमध्ये गर्भ तयार करणंच, हराम म्हणून सांगितलंय. तसं नाही. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ १९७८ चं, आणि १९८० मध्येच इजिप्तचे मुफ्ती शेख जादुल हक यांनी नवरा-बायकोपुरतं ते जायज ठरवलं. घोडं अडतं तिसऱ्या माणसापाशी. मक्केच्या फिकह म्हणजे इस्लामी कायद्याच्या परिषदेनं १९८४ ला एका नवऱ्याच्या दोन बायकांपैकी एकीचा गर्भ दुसरीनं वाढवायला परवानगी दिली आणि वर्षभरात मागेही घेतली. जिथं सवतीचं जमलं नाही, तिथं बहिणीचं कुठून जमणार? इराणच्या शिया उलेमांपैकी काहींनी दात्याचं बीज चालेल म्हटलंय. त्यांना नावं ठेवणारी मी कोण? पण आपण शाफई पंथाचे सुन्नी, आणि खरं सांगू, फतवा नसता तरी माझं मन धजलं नसतं. त्या पोराची आई कोण, रेश्मा की मी, यावर आलिमांचंच एकमत नाही.

लॅबची मात्र काळजी करू नका. तिथं डिशवरचं नाव एकजण मोठ्यानं वाचतो, दुसरा ताडून सही करतो, मगच पुढचं काम. तुमचा जावई इरफान म्हणाला, निकाहसारखे इथंही दोन गवाह! इंजेक्शनं फ्रिजच्या दारात तुपाच्या बरणीशेजारी ठेवलीत. रात्री तोच टोचतो आणि स्वतःच डोळे मिटून घेतो.

माझ्याच बीजावर रमजानआधी एकदा बघू. नाही झालं तर यतीम मूल सांभाळू. नाव त्याच्या बापाचंच राहील, कुराणात तसंच सांगितलंय. तान्हा मुलगा मिळाला तर रेश्मानं त्याला पाच वेळा पोटभर पाजावं. मग मी त्याची दूधखाला, म्हणजे दुधाच्या नात्यानं सख्खी मावशी, मोठा झाल्यावर पडद्याचा प्रश्नच नाही. मुलगी असेल तर इरफान तिचा दूधमामा व्हावा म्हणून त्याच्या बहिणीला पाजायची गळ घालावी लागेल, आणि तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

दुआ करा. अब्बा, शुगरची गोळी जेवणाआधी घ्या, नंतर नाही.

तुमची,
शबाना